दलित ख्रिस्ती स्त्री : अक्षर आणि काडीमोड

१

धर्मांतराने दलित समाजाला काय दिले याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु १९५६ च्या शतकभर आधीपासून नगर, जालना, सोलापूर या भागांत महार-मांगांची जी घरे ख्रिस्ती होत गेली, त्या घरांतील स्त्रीच्या पदरात त्या धर्मांतराने काय पडले आणि पदरातून काय निसटले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मिशनचे इतिहासकार मिळालेल्या गोष्टींची यादी देतात. धर्मांतराचे विरोधक 'पोटासाठी बाटले' एवढे म्हणून मोकळे होतात. दोघांच्याही लेखनात ही स्त्री मोजण्यापुरती असते, बोलणारी नसते.

मी अशाच घरातली आहे. आमचे मूळ घर नगर जिल्ह्यातल्या एका महारवाड्यातले. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. वडील १९४९ साली रेल्वेच्या नोकरीसाठी कल्याणला आले आणि आम्ही कोळसेवाडीचे झालो. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी आयुष्य काढले. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यात काही इतिहासाचे आहे, काही कायद्याचे आहे आणि काही घरचे आहे. तिन्ही वेगळे काढता येतील असे मला वाटत नाही.

आमच्या घराण्याची दोन पाती झाली. एक ख्रिस्ती झाले. दुसरे गावकीतच राहिले आणि १९५६ नंतर बौद्ध झाले. येणे-जाणे मात्र कधी तुटले नाही. माझी थोरली आत्या आणि त्या दुसऱ्या घरातली तिची चुलत बहीण, तिलाही मी आत्याच म्हणत असे, या दोघी एका वयाच्या, एका ओढ्यावर पाणी भरलेल्या. दोघींची लग्ने थोड्याच अंतराने झाली आणि दोघींच्याही वाट्याला मारझोड करणारा नवरा आला. चुलत आत्याने १९५३ साली पंचांसमोर काडी मोडली, पुढच्या वर्षी तिचा पाट लागला आणि तिचा दुसरा संसार चांगला चालला. माझी सख्खी आत्या शिकलेली होती. तिला मराठी चौथीपर्यंत अक्षर होते, पवित्र शास्त्र धडाधड वाचता येत होते. ती मात्र त्या लग्नातून मरेपर्यंत सुटली नाही.

लिहिता-वाचता येणारी अडकली आणि निरक्षर सुटली. हे का झाले, याचे उत्तर शोधता शोधता मी या विषयाकडे आले.

२

प्रथम जे मिळाले ते नीट सांगितले पाहिजे. कारण ते खरोखर मोठे होते.

सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला उतरली. पुढे ती अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरमधली तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला परतल्यावर १८४८ साली आपली शाळा काढली, हे फुले-चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली छापला गेला तो 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्रात. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. परंतु ज्या मुलीला वेदांचे अक्षर ऐकण्याचीही मनाई होती, तिचे स्वतःचे अक्षर छापायला त्या काळी मिशनचा छापखाना पुढे आला, हे विसरता कामा नये. आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात हे तिने लिहिले, आणि ज्या धर्मावर एकाचाच ताबा आहे तो आमचा कसा, असा प्रश्नही तिने विचारला.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत नगर भागातल्या खेड्यांतून मिशनच्या शाळा पसरल्या आणि त्यांतून एक नवी स्त्री तयार झाली. तिला बायबलबाई म्हणत. माझी आजी बायबलबाई होती. महारवाड्यातली बाई, हातात पुस्तक, अंगावर धुतलेले लुगडे, महिन्याला चार पैसे स्वतःच्या नावावर; पाच-सहा गावांतून ती पायी फिरे, बायांना वाचायला शिकवी, बाळंतिणीपाशी बसे. ज्या गावात तिच्या सासूने येसकराच्या घरची म्हणून भाकरी मागितली होती, त्याच गावात लोक तिला 'बाई' म्हणत. हा शब्द तोवर फक्त वरच्या घरातल्या स्त्रियांसाठी होता. आजी सांगायची, "पाटलीन मला सावलीत बसू देत न्हवती, पन तिच्या लेकाचं पत्र माझ्याकडूनच वाचून घ्यायची."

एवढे सारे खरे आहे. पण आजी पुस्तक वाचून दाखवी ती बायांना, तेही वाड्यावस्तीवर. रविवारी देवळात व्यासपीठावर उभे राहून ते सांगण्याचा अधिकार तिला नव्हता. तिथे पाळक उभे राहत, आणि कधी पाळक गावी नसले तर तिच्याहून कमी शिकलेला एखादा पुरुष उभा राहत असे. ती डोक्यावर पदर घेऊन बायांच्या बाजूला सतरंजीवर बसे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे सांगितले आहे, एवढे एक वचन तिला गप्प बसवायला पुरे होते. त्याच पौलाने गलतीकरांस लिहिताना ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष हा भेद उरत नाही असे म्हटले आहे. त्यातला दास-स्वतंत्र हा भाग आमच्या पाळकांनी जातीविरुद्ध शेकडो वेळा वापरला. त्याच वाक्यातला पुढचा भाग मी लहानपणी एकाही प्रवचनात ऐकला नाही.

३

आता जे गेले त्याविषयी.

महार-मांगांत काडीमोड होता, पाट होता, म्होतूर होते. नवरा नांदवीत नसेल, मारीत असेल, परागंदा झाला असेल, तर बाई माहेरी येई, पंच बसत, काडी मोडत आणि ती दुसरे घर करी. विधवेचे केशवपन, आयुष्यभराचे वैधव्य या गोष्टी ब्राह्मणी घरांतल्या होत्या, आमच्यात नव्हत्या. अर्थात या चालीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पंच म्हणून बसणारे सगळे पुरुषच. दंड बसे, दारू चाले, मुले बहुधा बापाकडे राहत, आणि पाटाच्या बाईला लग्नकार्यात लग्नाच्या बाईइतका मान नसे. तरीही दार होते. ते अरुंद होते, त्याला राखणदार पुरुष होता, पण ते उघडत असे.

ख्रिस्ती झालेल्या घरात हे दार बंद झाले, आणि ते दोन बाजूंनी बंद झाले. एक बाजू कायद्याची, दुसरी प्रतिष्ठेची.

कायद्याची बाजू अशी. १८६६ साली सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला. एखादी व्यक्ती ख्रिस्ती झाली आणि त्या कारणाने तिच्या जोडीदाराने नांदायला नकार दिला, तर न्यायालयामार्फत ते लग्न मोडता येई. म्हणजे ख्रिस्ती होताना जुन्या लग्नातून बाहेर पडण्याची वाट सरकारने ठेवली. मात्र दोघेही ख्रिस्ती असतील किंवा लग्नच ख्रिस्ती असेल, तर त्यांना लागू झाला १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा. जातीच्या पंचांपुढे मोडलेल्या काडीला तिथे काही किंमत नव्हती. हा कायदा इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावरून बेतला होता. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार एवढ्याने भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा, किंवा दोन वर्षांचा परित्याग, किंवा दुसरे लग्न असे काहीतरी सिद्ध करावे लागे. नुसता मार, कितीही असला तरी, घटस्फोटाचे कारण होत नव्हते. त्यावर फार तर न्यायालयीन विभक्तता मिळे, म्हणजे वेगळे राहायचे पण दुसरे लग्न करायचे नाही. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिलाच तर तो उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी कायम करीपर्यंत पक्का होत नसे.

प्रतिष्ठेची बाजू याहून सूक्ष्म आहे आणि माझ्या मते जास्त परिणामकारक आहे. मिशनरी साहेब आणि मडमा ज्या इंग्लंड-अमेरिकेतून आल्या, तिथल्या मध्यमवर्गाचा आदर्श म्हणजे घरात राहणारी, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी, मुलांना प्रार्थना शिकवणारी पत्नी. इकडे आमच्यावर हजारो वर्षे ज्यांनी राज्य केले त्यांचा आदर्श पतिव्रतेचा. एक पश्चिमेकडून आला, एक मनुस्मृतीतून आला, आणि दोघांची गाठ महारवाड्यातल्या देवळात पडली. शतकानुशतके ज्यांच्या बायांना 'यांना काय, आज हा उद्या तो' असे हिणवले गेले, त्या आमच्या पुरुषांना आपल्या बाया घरंदाज आहेत हे जगाला दाखवायचे होते. जातीचा डाग धुवायचा तर बाईला आवळायचे, हा सोपा मार्ग होता. काडीमोड ही 'रानटी चाल' ठरली. पाट हा शब्दच घरात उच्चारायचा नाही असे झाले. ज्या गोष्टीला आपल्या समाजाने कधी पाप म्हटले नव्हते, तिला आमच्या बाया स्वतःच पाप म्हणू लागल्या.

अस्पृश्यता झुगारण्यासाठी जो धर्म घेतला, त्या धर्माच्या सभ्यपणात ब्राह्मणी स्त्रीधर्म मागच्या दाराने आला, असे माझे स्पष्ट मत आहे.

४

हा सभ्यपणा म्हणजेच ख्रिस्ती धर्म असे मानणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे.

कल्याणात आनंदीबाई जोशींचे नाव सर्वांना ठाऊक आहे. या गावच्या मुलीने हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन असे जाहीर सांगून अमेरिकेत जाऊन डॉक्टरकी केली. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला तिला पदवी मिळाली तेव्हा समारंभाला तिची नातेवाईक रमाबाई हजर होती. रमाबाईने त्याआधीच, १८८३ साली, इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. महाराष्ट्रातल्या सनातन्यांनी तिच्यावर आग पाखडली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली.

सनातन्यांशी झालेले तिचे भांडण आपण वाचतो. चर्चशी झालेले भांडण कमी वाचतो. ती चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात राहत असताना तिने तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघाली. त्यावर लाहोर आणि मुंबईच्या बिशपांकडून हरकत आली: स्त्रीने पुरुषांना शिकवणे योग्य नाही, हिंदुस्थानात त्याने तिचे वजन कमी होईल. रमाबाईने उत्तर दिले त्याचा आशय असा, की माझ्या वडिलांना आणि नवऱ्याला मी पुरुषांना शिकवण्यात काही गैर वाटले नाही, आणि तुम्हाला वाटते याचे मला नवल वाटते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष पत्करला होता. नवरा बिपिनबिहारी मेधावी बंगाली, शूद्र मानलेल्या जातीचा, आणि लग्न सरकारी कायद्याने लावलेले. चर्चच्या सिद्धान्तांविषयीही तिने आपल्या धर्ममातेशी पत्रांतून वाद घातला. मी येशूला मानले आहे, तुमच्या धर्मगुरूंच्या हुकमाला माझी बुद्धी विकलेली नाही, अशी तिची भूमिका होती. पुढे केडगावला मुक्ती सदनात तिने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते जुळवायला व छापायला तिथल्याच मुली बसल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये तिचा अंत झाला त्याआधी ते काम पुरे झाले होते.

तिच्याविषयीही आपण दलित म्हणून प्रश्न विचारलाच पाहिजे. १८८९ साली मुंबईत निघालेले शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे जातीचे सोवळे सांभाळण्याची मुभा होती. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर मुक्तीचे दार सर्व जातींच्या मुलींना उघडले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या मनातली सोवळ्याची ओढ कशी गळून पडली हे प्रांजळपणे सांगितले आहे, आणि ते पुस्तक मराठीचे भूषण आहे. परंतु नगरच्या मंडळीत लक्ष्मीबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसलेल्या महार बाईची स्मृतिचित्रे कोणी लिहून घेतली नाहीत. ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती स्त्रीला चर्चशी भांडण्याइतकी भाषा आणि उभे राहण्याइतकी जागा होती. आमच्या आजीला पगार मिशनकडून, घर मिशनच्या आवारात, मुलांची शाळा मिशनची. ती भांडली असती तर राहिली कुठे असती?

कल्याणला आल्यावर आवार सुटले, पण वळण सुटले नाही. आमची मंडळी लहान होती. रेल्वेतले, गिरणीतले, पुढे अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांतले लोक. उपासनेला भाड्याची खोली होती. ती झाडणे, पाणी भरणे, सणाला शंभर माणसांचा स्वयंपाक करणे, दारोदार वर्गणी मागणे हे महिला मंडळाकडे. पैसे कसे खर्चायचे ते पंच ठरवीत, आणि पंच पुरुष. मी स्वतः पंचवीस वर्षे संडे स्कूल घेतले. १९८२ साली मी पंचकमिटीच्या निवडणुकीला उभी राहते म्हणाले तेव्हा एक वडीलधारे प्रेमाने म्हणाले, "बाई, तुम्ही आहातच की, वेगळे नाव कशाला लिहायचे?" हे वाक्य मी विसरलेले नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपूरला स्थापन झाले आणि नगरच्या जुन्या मंडळ्या त्यात आल्या. पुढे प्रॉटेस्टंट चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपणाची दीक्षा मिळू लागली. दक्षिणेत पुष्पा ललिता या २०१३ साली बिशप झाल्या. कॅथलिक चर्चने मात्र स्त्रीच्या धर्मगुरुपदाचा प्रश्न १९९४ साली पोपच्या पत्राने बंदच करून टाकला. तेव्हा पायरीपायरीने काही हलले आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु बिशपची खुर्ची आणि वस्तीतल्या मंडळीचे पंचांचे टेबल यांत फार अंतर असते.

५

आता पुन्हा आत्याकडे येते.

आत्याचा नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होता. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन बॅप्टिस्टचे चर्च आहे, ते पोर्तुगिजांच्या वेळी ख्रिस्ती झालेल्या इथल्या लोकांचे. दुसरे सेंट जेम्स चर्च, १८२५ साली बिशप हेबरने अभिषेक केलेले, साहेबांचे. नगरकडून पोटासाठी आलेले आमच्यासारखे ख्रिस्ती या दोन्हींच्या बाहेरचे. कोणाच्या तरी घरी जमून ते मराठीत प्रार्थना करीत. अशाच एका घरी आत्या एका रविवारी सुजलेल्या तोंडाने गेली. पाळकांनी तिला क्षमा करायला सांगितले. तिने क्षमा केली. पुढच्या महिन्यात तिचा हात मोडला.

१९६८ साली वडील तिला ठाण्याच्या एका वकिलाकडे घेऊन गेले. वकील भला माणूस होता, फी घेतली नाही. परत येताना लोकलमध्ये ती काही बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, "वहिनी, वकील म्हनतो नुसत्या माराला कायदा न्हाई. त्यानं बाई ठिवली आसंल तर सांगा, आन साक्षीदार आना. आता मी देवापाशी काय मागू? त्यानं बाई ठिवावी म्हनून?"

ती कोळसेवाडीत आमच्याकडेच राहिली. एका शाळेत आया म्हणून लागली. नवऱ्याला सोडून आलेली म्हणून महिला मंडळात तिला कधी पद मिळाले नाही. एका विधुराने तिला मागणी घातली होती. तिच्या मनात होते, हे मला फार पुढे कळले. कायद्याने ते लग्न झाले नसते आणि मंडळीने ते पाप ठरवले असते. त्याच वेळी तिची चुलत बहीण दिवाळीला नातवंडे घेऊन आमच्याकडे येत असे. दोघी ओट्यावर बसून तासन्‌तास बोलत.

ज्या इंग्लंडचा कायदा आमच्यावर बसवला, त्या इंग्लंडने १९२३ साली व्यभिचाराच्या बाबतीत नवरा-बायकोला समान केले आणि १९३७ साली नुसता क्रूरपणा, नुसता परित्याग ही कारणे स्वतंत्रपणे मान्य केली. साहेबाने आपल्या घरातली अडगळ केव्हाच काढली. ती आमच्या घरात मात्र तशीच राहिली. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्या लढ्यातून आला आणि तो बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात क्रूरपणा आणि परित्याग ही घटस्फोटाची कारणे झाली, परस्पर संमतीचीही सोय झाली. म्हणजे एकाच महारवाड्यातून निघालेल्या दोन घरांतल्या मुली, एक विसाव्या शतकाच्या कायद्याखाली आणि दुसरी राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. विधी आयोगाने १९६० आणि १९६१ साली ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यावर अहवाल दिले. १९६२ साली विधेयक आले आणि ते तसेच बारगळले. १९८३ साली आयोगाने केवळ या दहाव्या कलमावर पुन्हा अहवाल दिला. प्रत्येक वेळी सांगण्यात येई ते असे, की अल्पसंख्याकांच्या कायद्यात त्यांची इच्छा असल्याशिवाय हात घालायचा नाही. धोरण म्हणून हे ऐकायला चांगले आहे. परंतु समाजाची इच्छा कोणाला विचारली जात होती? बिशपांना, धर्मगुरूंना, संस्थांच्या अध्यक्षांना. ज्यांना घटस्फोट लागत नव्हता, त्यांना तो हवा का असे विचारले जात होते. आत्याला कोणी विचारले नाही.

शेवटी बाया न्यायालयात गेल्या. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हे कलम घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे सांगितले. क्रूरपणा किंवा परित्याग यांना व्यभिचाराची जोड लागणार नाही असे ठरले. २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. कारणे स्त्री-पुरुषांना समान झाली, परस्पर संमतीचा घटस्फोट आला, उच्च न्यायालयाने कायम करण्याची अट गेली. नवऱ्याने बायकोच्या जाराकडून नुकसानभरपाई मागावी हे कलमही गेले. बायको ही मालमत्ता आहे असे सांगणारे ते कलम १३२ वर्षे पुस्तकात होते.

आत्या १९९४ साली गेली. मंडळीच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ज्या माणसाची पत्नी म्हणून लिहिले आहे, त्याला तिने सव्वीस वर्षे पाहिले नव्हते.

६

कायदा बदलला म्हणजे प्रश्न संपला असे म्हणणारे आमच्यात आता पुष्कळ आहेत. दोन गोष्टींकडे मी त्यांचे लक्ष वेधते.

पहिली गोष्ट मालमत्तेची. वारसाहक्काच्या बाबतीत महाराष्ट्रातली ख्रिस्ती मुलगी हिंदू मुलीच्या कितीतरी पुढे होती. १८६५ पासून, आणि पुढे १९२५ च्या कायद्यानेही, तिला बापाच्या मिळकतीत भावाइतका वाटा होता. केरळात त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात तो मोडून काढला. आमच्या भागात केरळी ख्रिस्ती इतके आहेत की १९८८ साली कल्याणच्या नावाने सिरो-मलबार धर्मप्रांत निघाला. त्यांच्या घरांतून त्या निकालावर झालेली भांडणे मी ऐकली आहेत. आम्हा महार-मांग ख्रिस्त्यांत असे भांडण कधी झाले नाही. वाटा समान होता, पण वाटायला काय होते? ज्याला जमीनच नाही त्याच्या मुलीला अर्धी जमीन देणारा कायदा फुकट वाटता येतो.

दुसरी गोष्ट जातीची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा हक्क धर्माशी बांधला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्त्यांना मिळाला नाही. मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा असे सुचवले, अट राहिली. म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही आमच्या बाईला नाही. खेड्यात तिच्यावर हात टाकणारा तिची जात पाहून टाकतो. ठाण्याला किंवा डोंबिवलीला घर भाड्याने मागायला गेले की आडनावावरून आणि नगरच्या बोलीवरून जात ओळखली जाते. पोलीस ठाण्यात मात्र ती फक्त ख्रिस्ती असते. म्हणजे लग्नाच्या कायद्यात धर्म आड आला, आणि संरक्षणाच्या कायद्यातही धर्मच आड आला. दोन्ही वेळा सोसणारी बाईच.

बाबासाहेबांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना, तुम्ही शिकलात पण आपल्या हक्कांसाठी राजकीय लढा दिला नाही, असे बजावले होते. ते पुरुषांना झोंबले. बायांच्या बाबतीत ते दुप्पट खरे आहे, असे मला वाटते. आम्हाला शिकवले ते वाचायला, बोलायला नव्हे.

परंतु दोष केवळ मंडळीवर टाकून चालणार नाही. दलित चळवळीनेही या बाईला आपली मानले नाही. ती बाटलेली, मिशनच्या दुधावर पोसलेली, अशी तिची थट्टा आपल्या व्यासपीठांवरून झालेली मी ऐकली आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गावोगाव जाऊन बोलते केले. ज्या बायांची नावे नेत्यांच्या आठवणींतही नव्हती, त्या इतिहासात आल्या. तसेच काम आमच्या बायबलबायांसाठी, आयांसाठी, परिचारिकांसाठी करायला हवे. मंडळ्यांच्या नोंदवह्या आहेत, मिशनच्या पगाराचे हिशेब आहेत, जिल्हा न्यायालयांतले जुने अर्ज आहेत, आणि नव्वदीच्या काही म्हाताऱ्या अजून आहेत. त्या गेल्या की नोंदवह्यांत फक्त कोणाची पत्नी एवढेच उरेल.

आणि मंडळीपुरते माझे मागणे साधे आहे. पंचकमिटीत निम्म्या जागा बायांना हव्यात. 'तुम्ही आहातच की' या शब्दांत नव्हे, नाव लिहून. घरात मार खाणारी बाई आली तर तिला क्षमेचे वचन वाचून दाखवण्याआधी वकिलाचा पत्ता दिला पाहिजे. पुनर्विवाह केलेल्या बाईला प्रभुभोजनाच्या मेजापासून कोणी अडवता कामा नये. आमच्या पणज्या काडी मोडून दुसरे घर करीत होत्या आणि तरी ताठ मानेने जगत होत्या. त्यांच्या पणत्यांना आता अक्षरही आहे आणि कायदाही आहे. उरली आहे ती भीती, आणि ती येशूने घातलेली नाही.